‘मोलीह्वा’ कसं बसवावं: पंचमावर विसावणारं चिनी लोकगीत

‘मोलीह्वा’ ऐकणाऱ्याला दुसऱ्या खेपेलाच गुणगुणता येतं, आणि गाणाऱ्याला विसाव्या खेपेलाही शेवटी चकवतं. सात ओळी, पाच स्वर, चार मात्रांची साधी चाल. कागदावर यात अवघड काही नाही. तरी बहुतेकांचं गाणं सहाव्या ओळीत लंगडतं, कारण तिथे ते संपल्यासारखं वाटतं आणि संपलेलं नसतं. म्हणून हे गाणं बसवताना खरी मेहनत त्या एका जागेभोवती करायची आहे. बाकीचं गाणं पुष्कळसं आपोआप गळ्यात उतरतं.

कुठलं रूप घ्यायचं

मोली म्हणजे मोगरा आणि ह्वा म्हणजे फूल. इंग्रजीतून आलेल्या भाषांतरांत याची कधी जाई होते, कधी चमेली, पण चिनी ‘मोली’ म्हणजे नेमकं आपल्या मोगऱ्याचंच झुडूप. तो शब्दही संस्कृत ‘मल्लिका’वरून तिकडे गेलेला आहे.

चिनी लोकगीतांचे ढोबळ तीन प्रकार करतात. ओझी उचलताना, नाव ओढताना म्हणायची श्रमगीतं. मोकळ्या रानात, डोंगरावर लांब सुरात फेकायची गीतं. आणि तिसरा प्रकार श्याओतिआओ, म्हणजे शब्दशः ‘छोटी चाल’. ही तिसरी गाणी गावाशहरांतली, चहाच्या दुकानांत आणि जलशांत वाद्यांच्या साथीनं घासूनपुसून गुळगुळीत झालेली. ‘मोलीह्वा’ या तिसऱ्या घरातलं. आवाज किती मोकळा सोडायचा, हे इथेच ठरतं. खुल्या रानातली फेक इथे चालत नाही. समोर चार हातांवर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल, एवढाच आवाज लागतो.

गाण्याची अनेक रूपं आहेत. उत्तरेकडच्या हेबेई प्रांतात त्याला नाट्यगीताच्या वळणाची लांब शेपटी लागते. ईशान्येकडच्या रूपात स्वर जास्त उड्या मारतात आणि बाज ठसठशीत असतो. जगभर पोचलं ते मात्र यांगत्से नदीच्या खोऱ्यातल्या जिआंगसू प्रांताचं रूप. ते शेजारशेजारच्या स्वरांवरून चालतं आणि त्यात कुठे धक्का नाही. शिकायला सुरुवात याच रूपापासून करावी.

शब्दांचेही दोन पाठ प्रचलित आहेत आणि त्यांची सरमिसळ हा पहिला घोटाळा असतो. एक पाठ तीन कडव्यांचा. त्यात प्रत्येक कडव्यात फूल खुडून माळायची इच्छा होते आणि ती आवरली जाते: पहिल्यांदा बागेचा राखणदार रागावेल म्हणून, दुसऱ्यांदा लोक हसतील म्हणून, तिसऱ्यांदा पुढच्या वर्षी झाडाला कोंब फुटणार नाही म्हणून. दुसरा पाठ एकाच कडव्याचा, त्यात फूल खुडून दुसऱ्याला दिलं जातं. दोन्हींची अक्षरसंख्या वेगळी, त्यामुळे स्वरांवर अक्षरं बसतात तीही वेगळी. खालची सरगम एका कडव्याच्या पाठाची आहे. अर्थानं तीन कडव्यांचा पाठ सरस आहे, यात शंका नाही. पण चाल पक्की करायला एका कडव्याचा पाठ सोपा.

या दोन पाठांमागे एक इतिहास आहे आणि तो गाणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. छ्येनलुंग सम्राटाच्या काळात, अठराव्या शतकात, निघालेल्या एका नाट्यसंग्रहात या गाण्याचे शब्द आधीच सापडतात. तेव्हा ते ‘ताजं फूल’ या नावानं ओळखलं जाई. १९४२ मध्ये नानजिंगजवळच्या लिउहे भागात ‘हे फांग’ नावाच्या तरुण कलावंतानं ते एका लोककलावंताकडून उतरवून घेतलं. तेव्हा त्यात तीन कडव्यांत तीन फुलं होती: मोगरा, मधुमालतीच्या जातीची एक सोनेरी-पांढरी वेल आणि गुलाब. १९५७ मध्ये ते रंगमंचासाठी बसवताना त्यांनी तिन्ही कडव्यांत मोगराच ठेवला. शिवाय गाणारी स्वतःला ‘दासी’ या अर्थाच्या जुन्या शब्दानं संबोधत असे, त्या जागी साधं ‘मी’ घातलं. त्या एका शब्दामुळे गाणं पुरुषाच्या, बाईच्या, मुलांच्या, कुणाच्याही तोंडी शोभू लागलं. मूळ लाजऱ्या तरुणीचा अभिनय आवाजात आणायची म्हणूनच काही गरज नाही, आणि तो आणला की गाणं लाडिक होतं.

सरगम

चीनमध्ये गाणी आकड्यांत लिहितात: १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, असं सातपर्यंत. आकड्याच्या वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. सरगममध्ये हे जसंच्या तसं उतरतं. खाली एका उभ्या रेघेपर्यंत चार मात्रांचा एक खंड आहे. जोडून लिहिलेले दोन स्वर एका मात्रेत, आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर पुढे धरायचा, आणि ‘–ग’ म्हणजे मात्रेचा पहिला अर्धा भाग आधीच्या स्वराचा, उरलेल्या अर्ध्यात ग.

१. ग गप धसां सांध | प पध प –
२. ग गप धसां सांध | प पध प –
३. प प प गप | ध ध प –
४. ग रेग प गरे | सा सारे सा –
५. गरे साग रे –ग | पध सां प –
६. रे गप रेग साध़ | प़ – ध़ सा
७. रे –ग सारे साध़ | प़ – – –

एकूण १४ खंड, ५६ मात्रा. मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत एक कडवं साधारण ४७ सेकंदांत होतं. शिकताना ६० वर ठेवा. ८० च्या वर नेलं की जोडस्वर धावायला लागतात आणि गाणं बालगीत होऊन बसतं.

मध्यम आणि निषाद कुठेच नाहीत. ते वगळले की दोन स्वरांमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर उरतच नाही, म्हणून कुठलाही स्वर शेजारच्या स्वराकडे ओढ घेत नाही. निषाद असला तर तो षड्जाकडे जायला बघतो. इथे तशी निकड कुणालाच नाही, आणि गाण्याचा निवांतपणा यातूनच येतो. ऐकणाऱ्याच्या गळ्यात ते इतकं लवकर बसतं, त्याचंही मोठं कारण हेच: किंचित बेसूर लागलं तरी कानाला टोचेल असा अर्धस्वर शेजारी नसतो. त्यात पहिली ओळ लगेच जशीच्या तशी परत येते, त्यामुळे आठ मात्रांनंतर श्रोता सोबत गुणगुणू शकतो.

पट्टी आणि श्वास

गाण्याचा आवाका मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे दीड सप्तकाला थोडा कमी. रोजच्या रियाजाच्या पट्टीत हे गाऊ नका. वर तार षड्जाच्या पलीकडे जायचं नाही, पण खाली मंद्र पंचमावर नुसतं पोचायचं नाही, तिथे ठरायचं आहे. म्हणून सा नेहमीपेक्षा दोनतीन स्वर वर घ्यावा. बायकांना पेटीची पांढरी एक किंवा पांढरी दोन, पुरुषांना पांढरी तीन किंवा चार बहुधा जमते. पट्टी बरोबर आहे का, हे शेवटच्या प़ वरून ठरवा: तो स्वर चार मात्रा धरताना आवाजात हवा मिसळत असेल, तर सा आणखी वर घ्या. पहिल्या ओळीच्या सां वरून पट्टी ठरवणारे हमखास शेवटी अडकतात.

पेटीवर नुसती बोटं बसवायची असतील तर सा काळी तीनवर धरा. गाण्याचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात, पांढऱ्या पट्टीला बोट लावावंच लागत नाही. लहान मुलांना चाल शिकवायला याहून सोपी युक्ती नाही.

बासरीवाल्यांसाठी हे गाणं जणू मापानं बेतलेलं आहे. बासरीत सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम मिळतो, आणि गाण्याचा सर्वांत खालचा स्वर तोच. चिनी आडवी बासरी, दीझी, हिच्या सर्वांत रुळलेल्या बोटरचनेतही सगळी भोकं बंद म्हणजे मंद्र पंचमच. म्हणजे दोन्ही वाद्यांत हे गाणं पूर्ण बंद नळीवर येऊन संपतं. मात्र त्या स्वरावर जोरानं फुंकलं की तो उडी मारून वरच्या सप्तकात जातो. ओठ सैल आणि फुंकर कोमट हवी.

श्वास दर ओळीच्या शेवटी, म्हणजे आठ मात्रांनी घ्यावा. सहाव्या ओळीच्या शेवटी मात्र घ्यायचा नाही. का, ते पुढे.

शेवटापासून शिका

पहिल्या पाच ओळी आखीव आहेत: आठ मात्रांचं वाक्य, शेवटी लांब स्वर, विराम. कानाला त्याची सवय होते. सहावी ओळही तशीच सुरू होते आणि पाचव्या मात्रेवर मंद्र पंचमाला पोचते. अर्थ पूर्ण झालेला असतो, स्वर सर्वांत खाली आलेला असतो, सगळी चिन्हं समाप्तीची. नवशिके इथे थांबतात, ऐटीत स्वर लांबवतात, आणि पुढचं ‘मोली’ उशिरा उचलतात. लय मोडते ती इथे.

खरं घडतं ते असं: प़ ला दोनच मात्रा आहेत. त्याच खंडाच्या तिसऱ्या मात्रेवर ‘मो’ ध़ वर आणि चौथ्या मात्रेवर ‘ली’ सा वर येतं, आणि ‘ह्वा’ सातव्या ओळीच्या पहिल्या मात्रेवर, रे वर. म्हणजे शब्द एका ओळीत सुरू होऊन दुसरीत पूर्ण होतो, दोन ओळींमधला बांध फुटतो आणि शेवटचे चार खंड एकच लांब वाक्य होतात. चिनी रचनाकार कवितेच्या चार पायऱ्या सांगतात: उचल, विस्तार, वळण आणि जुळणी. इथे पहिल्या दोन ओळी उचल, तिसरी-चौथी विस्तार, पाचवी वळण, आणि सहावी-सातवी जुळणी. या जुळणीत सांधा दिसता कामा नये.

म्हणून शिकायचा क्रम उलटा ठेवा. आधी फक्त सातवी ओळ दहा वेळा. मग ‘ध़ सा | रे –ग सारे साध़ | प़’ एवढा तुकडा, तोंडानं मात्रा मोजत: तीन, चार, एक. मग सहावी ओळ जोडा. श्वास लागलाच तर सहाव्या ओळीतल्या प़ च्या दुसऱ्या मात्रेत नाकातून चटकन घ्या, पण त्या आधी स्वर बारीक करत नेऊ नका. आवाज उतरवला की श्रोत्याला ‘संपलं’ अशी खूण मिळते. तो प़ सरळ धरायचा आणि शेवटचा प़ विरू द्यायचा. दोन सारख्याच स्वरांत एवढाच फरक पुरतो.

पाचवी ओळ यानंतरची अवघड जागा. ‘गरे साग’ मध्ये सा वरून ग वर उडी आहे, मधला रे लोक नकळत लावतात. लगेच पुढे रे ला दीड मात्रा आणि ग ला अर्धी. ती दीड मात्रा पुरी धरली नाही तर ‘पध सां’ ची चढण घाईत येते. गाण्यातला दुसरा आणि शेवटचा उंच टप्पा तोच. तिथल्या सां पासून शेवटच्या प़ पर्यंत आवाज जवळजवळ सलग उतरत येतो. मधे रे गप असा एक छोटासा उंचवटा, बस. वर चढायला घाई केली की उतरण पाहायला श्रोता तयार नसतो.

गाण्याच्या पोटात कुठेही षड्ज ते मध्यम एवढ्या अंतराहून मोठी उडी नाही. सर्वांत मोठी उडी दोन कडव्यांच्या मधे लपलेली आहे: शेवटच्या प़ वरून पुन्हा पहिल्या ग वर. ती हटकून कमी पडते, कारण कान खाली रमलेला असतो. दुसरं कडवं सुरू करण्याआधी मनात सा आणि रे म्हणून मग ग लावा. समूहगायनात वाद्यावर दोन खंड वाजवून घेतलेले बरे.

उच्चार

रोमन लिपीतून उच्चार घेऊ नका. त्या लिपीत चिनी शब्द लिहिताना जिथे ब, द, ग ची अक्षरं वापरतात, तिथे चिनी माणूस घोष काढत नाही. तो जवळजवळ प, त, क म्हणतो. जिथे प, त, क ची अक्षरं लिहितात तिथे तो फ, थ, ख म्हणतो, श्वासासकट. देवनागरीत हा भेद आयता आहे. आपण बीजिंग लिहितो, तिकडे ते पेइचिंगच्या जवळ जातं. म्हणून गाण्याची पहिली ओळ अशी म्हणा: हाओ यी त्वो मेइली त मो ली ह्वा. ‘किती सुंदर हे मोगऱ्याचं फूल’ असा भाव.

मराठीला इथे आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च वेगळे. चिनी भाषेतही असे दोन च आहेत. घर या अर्थाचा ‘च्या’ हा चहाच्या च नं म्हणायचा. खुडणे या अर्थाचा ‘चाइ’ मात्र तिसऱ्याच जागेचा: जीभ ट म्हणताना वळते तशी मागे वळवून च म्हणायचा. हे दोन च एकसारखे केले की जाणकाराला लगेच कळतं. तीच गोष्ट श ची. सुगंधी या अर्थाच्या ‘श्यांग’ मध्ये श मऊ, जीभ खालच्या दातांपाशी. ‘फन फांग’ मधला फ दात ओठाला टेकवून, हवेचा. आणि स्तुती या अर्थाचा ‘ख्वा’ खणखणीत ख नं.

अक्षरं स्वरांवर अशी बसतात: पहिल्या ओळीत नऊ अक्षरं. हाओ (ग), यी (ग), त्वो (प), मेइ (ध), ली (सां), त (सांध), मो (प), ली (पध), ह्वा (प). ‘त’ हे फक्त जोडअक्षर आहे, पण त्याला उंच सां वरून उतरण मिळाली आहे. नवखे गायक तिथे ‘ता’ असा दीर्घ उच्चार करून सगळा भार त्यावर टाकतात. तोंड अर्धंच उघडा, भार पुढच्या ‘मो’ वर जाऊ द्या. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीत सात-सात अक्षरं आहेत. पाचवीत उपान्त्य अक्षराला ‘पध सां’ असे तीन स्वर एका दमात मिळतात.

चिनी बोलण्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा चढउतार असतो आणि तो बदलला की अर्थ बदलतो. गाताना मात्र चालच चढउतार ठरवते, त्यामुळे वेगळे आघात पाठ करायची गरज नाही. शब्दान्तीचा अनुनासिक तेवढा सांभाळा: ‘फांग’ मध्ये ग उच्चारायचा नसतो, जीभ मागे टेकून आवाज नाकात बंद होतो.

फुलं घालणं

चीनमध्ये चाल नटवण्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थच ‘फुलं घालणं’. मूळ स्वर हे खोड. गाणारा किंवा वाजवणारा त्यावर आपली फुलं घालतो. वरची सरगम म्हणजे नुसतं खोड. ते तसंच गायलं तर स्वच्छ वाटतं, पण कोरडं.

फुलं कुठे घालायची याचे काही दंडक पाळले की फारसं बिघडत नाही. प्रत्येक खंडाच्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेचा स्वर हलवायचा नाही. भर घालायची ती पाच स्वरांतलीच. मध्यमाचा किंवा निषादाचा कण लागला तरी रंग बदलतो. पहिली ओळ साधी म्हणायची आणि तीच परत येते तेव्हा दुसऱ्यांदा नटवायची. दोन्हीकडे फुलं घातली तर पुनरावृत्तीचा आनंद जातो. तिसऱ्या ओळीत ‘प प प’ असे तीन सपाट स्वर आहेत, तिथे ‘प धप प’ करता येतं. ‘पध प’ मध्ये शेवटच्या प ला ध चा नुसता स्पर्श पुरे. शेवटचा प़ उघडाच ठेवायचा.

शास्त्रीय गळ्याला इथे वेगळाच त्रास होतो. स्वर भूप रागाचे, म्हणून गळा भूपाच्या वाटेनं जायला लागतो: ग वर मुक्काम, ‘प ग, ध प ग’ ची ओळखीची वळणं, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारी लांबलचक मींड. या गाण्यात ग हा वाटेतला स्वर आहे, मुक्काम प चा. घसरही वेगळी. चिनी घसर आखूड आणि चटकन असते, पाचांतल्या एका स्वरावरून लगतच्या स्वरावर, बहुधा स्वराच्या सुरुवातीला किंवा अगदी शेवटी. मींड मात्रेभर ओढली की गाणं दुसऱ्या देशात जातं. चौथ्या ओळीच्या सुरुवातीचा ग रे वरून किंचित घसरून घेतला तर छान वाटतो. पहिल्या ओळीतलं ‘धसां’ मात्र घसरून घेऊ नका, ती पायरी स्पष्ट ऐकू आली पाहिजे.

साथ

जिआंगसू-शांघायच्या परिसरात रेशीम आणि बांबू या नावाची वाद्यमंडळी वाजते. रेशीम म्हणजे तारांची वाद्यं, कारण तारा पूर्वी रेशमाच्या असत, आणि बांबू म्हणजे बासऱ्या. या मंडळीत सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येकजण आपापली फुलं घालतो. दोन तारांची, गजानं वाजवायची अरहू स्वर ओढते, छेडून वाजवायची पीपा लांब स्वरावर पाच बोटांची सरसर करते, दीझी मधल्या फटी भरते. दीझीच्या एका भोकावर बोरूचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, त्यानं आवाजाला किंचित झणझण येते. पापुद्रा फार ताणला तर आवाज मुका होतो, ढिला राहिला तर फडफडतो. आपल्या बासरीत ही झणझण नाही आणि ती आणायचा खटाटोपही करू नये. दोन वाद्यं असतील तर एकानं खोड वाजवावं, दुसऱ्यानं फुलं. दोघांनी एकाच जागी फुलं घातली की गर्दी होते.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर, लावून साथ करायची झाली तर इथे मोठा सापळा आहे. शेवटचा स्वर पंचम. त्याखाली षड्जाची कॉर्ड लावली तर गाणं अधांतरी राहतं. पंचमाची पूर्ण कॉर्ड लावली तर तिच्यात निषाद येतो, आणि एवढा वेळ गाण्याबाहेर ठेवलेला स्वर अगदी शेवटी दारात उभा राहतो. यावर उपाय म्हणजे नुसत्या षड्ज-पंचम अंतराच्या जोड्या वापरणं. या पाच स्वरांत अशा चारच जोड्या निघतात: सा-प, प-रे, रे-ध आणि ध-ग. पहिल्या दोन ओळींना सा-प, पाचव्या ओळीच्या पहिल्या खंडाला रे-ध, आणि सहाव्या-सातव्या ओळीच्या दोन्ही प़ ना प-रे. बाकी जागा मोकळ्या सोडल्या तरी चालतात.

ही तक्रार नवी नाही. १७९३ मध्ये ब्रिटिश राजदूत लॉर्ड मॅकार्टनी चीनला गेले. त्यांच्या ताफ्यातले हुटनर यांनी ही चाल उतरवून घेतली. ती लंडनमध्ये युरोपीय साथसंगत चढवून छापली गेली, तेव्हा त्याच ताफ्यातले जॉन बॅरो वैतागले: इतकं नटवल्यावर ती चिनी चाल राहतच नाही, असं त्यांचं म्हणणं. १८०४ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी ती मुद्दाम उघडी, साथीविना छापली. पुढे इटालियन संगीतकार पुच्चिनी यांनी एका इटालियन सरदाराकडच्या वाद्यपेटीतून ही चाल ऐकली आणि ‘तुरांदोत’ या ऑपेरात वापरली. ती १९२६ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिल्यांदा झाली. तिथे मुलांचं समूहगान हीच चाल गातं, रंगमंचामागून सॅक्सोफोनची साथ घेऊन. सरगम पाठ झाल्यावर तो प्रवेश जरूर ऐका. चाल तीच राहूनही साथीमुळे तिचा विसावा कुठे सरकतो, ते कानाला कळेल.

तानपुऱ्याचा एक प्रयोग मात्र प्रत्येकानं करावा. आधी सा चा सूर लावून गाणं म्हणा. भूप ऐकू येतो, आणि शेवट लोंबकळतो. मग तानपुरा प वर मिळवा आणि तेच गाणं, स्वर न हलवता, म्हणा. आता प हाच षड्ज झाला, आणि स्वर होतात सा रे म प ध: राग दुर्गा. सबंध गाणं एकदम जमिनीवर टेकतं. चिनी संगीतात पाच स्वरांपैकी कुठल्याही एकावर विसावता येतं आणि त्या त्या विसाव्याला स्वतंत्र नाव आहे. पंचमावरचा विसावा त्यातला एक. तिथल्या ‘क्वान्त्स’ या प्राचीन ग्रंथात तारेच्या लांबीवरून पाच स्वर काढायची रीत दिली आहे. तिचे आकडे १०८, ९६, ८१, ७२ आणि ६४. सगळ्यांत लांब तार १०८ ची, ती पंचमाची. षड्ज ८१ चा. म्हणजे क्रमानं प़ ध़ सा रे ग. या गाण्याची सातवी ओळ बरोबर याच पाच स्वरांची आहे, ना एक कमी ना एक जास्त.

कार्यक्रमात सतत एकच सूर लावू नका. सुरुवातीला कुठलाच सूर नको, आणि सहाव्या ओळीपासून हलकेच प लावा. ठेका शक्यतो नकोच. तबल्यावर केहरवा लावला की दोन आवर्तनांत भजन तयार होतं. लागलंच तर छोट्या झांजेचा एक ठोका दर खंडाच्या पहिल्या मात्रेवर, तोही पाचव्या ओळीनंतर थांबवायचा.

हे गाणं मोठ्या मैदानांतही गेलं आहे. १९९७ मध्ये हाँगकाँगच्या हस्तांतर सोहळ्यात ते वाजलं, २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या समारोपात एका लहान मुलीनं ते गायलं, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पदकं देताना वाजणारं संगीत याच चालीवर बेतलेलं होतं. त्यात प्राचीन घंटांचा नाद मिसळला होता. या तिन्हींतलं उचलावं असं कुठलं असेल, तर अथेन्सचं: सुरुवातीला एकटा आवाज, साथ नाही. मैदानाएवढा वाद्यवृंद हाताशी असला तरी पहिल्या दोन ओळी एकट्या गळ्याला द्याव्यात.

तीन कडव्यांचा पाठ गाणार असाल तर लय तिन्ही कडव्यांत एकच ठेवा आणि फरक आवाजाच्या वजनात करा. पहिल्यात राखणदाराची धास्ती आहे, तिथे शब्द जरा चुरचुरीत. दुसऱ्यात लोकांची लाज. तिसऱ्यात झाडाची काळजी. तिथे फुलं जवळजवळ सगळी काढून टाका आणि खोडच गा. शेवटच्या ओळीत लय ओढून मंद करायचा मोह होतो, तो ‘सारे साध़’ या दोन मात्रांपुरताच पुरवा. मग चार मात्रांचा प़, आणि चौथी मात्रा पुरी होण्याआधी श्वास सोडू नका.